अजान देणाऱ्यासाठी मार्गदर्शन: वेळ, शब्द, उच्चार आणि आवाज

दिवसातल्या पाच फर्ज म्हणजे सक्तीच्या नमाजांपैकी प्रत्येकीची वेळ झाल्याचे ठरलेल्या अरबी शब्दांत मोठ्याने जाहीर करणे म्हणजे अजान, आणि ती देणारा तो मुअज्जिन. अजानचे शब्द थोडे आहेत, त्यांतले बरेचसे पुन्हा पुन्हा येतात आणि लहानपणापासून कानांवर पडत असल्याने ते बहुतेकांना पाठही असतात. त्यामुळे आवाज बरा असला की अजान देता येते, असा समज सहज होतो. अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या हदीस संग्रहांत, म्हणजे प्रेषितांची वचने आणि कृती यांच्या नोंदींत, मात्र मुअज्जिनविषयी एक वेगळाच शब्द आला आहे: इमाम (नमाज पढवणारा) हा जामीन आणि मुअज्जिन हा अमानतदार. लोक आपली नमाज, रमजानात आपला रोजा, सहरीचा शेवटचा घास आणि इफ्तारचा पहिला घोट मुअज्जिनच्या भरवशावर ठेवतात. म्हणून अजान शिकताना आधी वेळ, मग शब्द, मग उच्चार आणि शेवटी आवाज, हाच क्रम योग्य आहे. या लेखातही तोच क्रम ठेवला आहे.

हा क्रम अजानच्या आरंभकाळापासूनच दिसतो. इ.स. ६२२ मधील हिजरतीनंतर, म्हणजे प्रेषितांनी मक्केहून मदिनेला स्थलांतर केल्यावर, मदिनेत मशीद उभी राहिली, तेव्हा नमाजसाठी लोकांना एकत्र कसे बोलवावे याची चर्चा झाली. कोणी शिंग फुंकण्याचे सुचवले, कोणी नाकूस म्हणजे लाकडावर लाकूड आपटून वाजवण्याचे साधन सुचवले. प्रेषितांचे सोबती अब्दुल्लाह इब्न जैद यांना स्वप्नात अजानचे शब्द ऐकू आले आणि त्यांनी ते प्रेषित मुहम्मद (स.) यांना सांगितले. उमर यांनीही तसेच स्वप्न पडल्याचे सांगितले. प्रेषितांनी अब्दुल्लाह यांना सांगितले की, हे शब्द बिलाल यांना शिकवा, कारण त्यांचा आवाज तुमच्यापेक्षा लांब पोहोचणारा आणि चांगला आहे. स्वप्न एकाचे होते आणि अजान देण्याचे काम दुसऱ्याकडे गेले, आणि यात कोणालाही कमीपणा वाटला नाही. मदिनेत दुसरे मुअज्जिन होते इब्न उम्मे मकतूम. ते अंध होते, आणि ‘पहाट झाली, पहाट झाली’ असे लोकांनी सांगितल्याशिवाय ते फज्रची म्हणजे पहाटेच्या नमाजची अजान देत नसत, असे बुखारी यांच्या हदीस संग्रहात नोंदवले आहे. आकाश स्वतः पाहू न शकणाऱ्या माणसाकडेही हे काम निश्चिंतपणे सोपवता आले, कारण वेळेची खात्री करून घेतल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, हा त्यांचा नियम होता.

वेळेची खात्री

वेळ होण्याआधी दिलेली अजान ग्राह्य धरली जात नाही आणि ती वेळ झाल्यावर पुन्हा द्यावी लागते. सुन्नी धर्मशास्त्राच्या हनफी (इमाम अबू हनीफा यांची), मालिकी, शाफिई आणि हंबली अशा चार परंपरा आहेत. फज्रबाबत त्यांतल्या मालिकी, शाफिई आणि हंबली मतांनुसार पहाटेपूर्वी एक अजान देता येते. लोकांना झोपेतून उठवणे हा तिचा हेतू असून बिलाल अशी अजान देत असत, हा तिला आधार आहे. इमाम अबू हनीफा यांच्या मते मात्र फज्रची अजानही वेळेतच हवी.

पाचही वेळा सूर्यावरून ठरतात. क्षितिजावर आडवा पसरत जाणारा पांढरा प्रकाश, म्हणजे खरी पहाट, दिसू लागली की फज्रची वेळ सुरू होते आणि सूर्योदयाला संपते. त्याआधी आकाशात उभा, निमुळता उजेड दिसून नाहीसा होतो. त्या खोट्या पहाटेवर अजान देऊ नये. सूर्य माथ्यावरून ढळला की जोहर सुरू होते. त्यानंतर असर येते. सूर्याचे पूर्ण बिंब मावळले की मगरिब होते. बहुतेक शिया फकीह (धर्मशास्त्राचे जाणकार) यासाठी पूर्वेकडची लाली माथ्यापलीकडे सरेपर्यंत थांबायला सांगतात. पश्चिमेचा संधिप्रकाश नाहीसा झाला की इशा सुरू होते. हा संधिप्रकाश म्हणजे तांबडी छटा, असे बहुसंख्य विद्वान मानतात, तर अबू हनीफा यांच्या मते तांबडी छटा गेल्यावर उरणारी पांढरी छटाही मावळायला हवी.

जोहर आणि असर यांची वेळ कोणालाही स्वतः ताडून पाहता येते, आणि प्रत्येक मुअज्जिनने एकदा तरी ती तशी पाहावी असे मला मनापासून वाटते. सपाट, मोकळ्या जागी एक मीटरची सरळ काठी ओळंब्यात उभी रोवावी. दुपारच्या बरेच आधीपासून सावलीच्या टोकाशी थोड्या थोड्या वेळाने खूण करत जावी. सावली आखूड होत होत एका मापावर येऊन थबकते आणि मग पूर्वेकडे वाढू लागते. ती वाढू लागली की जोहरची वेळ झाली. त्या सर्वांत आखूड सावलीचे माप लिहून ठेवावे. समजा ते ३० सेंटीमीटर भरले. मग सावली १३० सेंटीमीटर झाली, म्हणजे मूळ सावलीत काठीची एक लांबी मिळवली, की मालिकी, शाफिई आणि हंबली मतांनुसार असर सुरू झाली. अबू हनीफा यांच्या प्रसिद्ध मतानुसार काठीच्या दोन लांब्या मिळवायच्या, म्हणजे असर २३० सेंटीमीटरला होईल. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद अश्-शैबानी मात्र एका लांबीच्याच मताचे आहेत. छापील वेळापत्रकात असरच्या दोन वेगळ्या वेळा का दिसतात, हे ती काठी एका दुपारी समजावून देते.

फज्र आणि इशा डोळ्यांनी ठरवणे दिव्यांच्या झगमगाटामुळे बहुतेक ठिकाणी शक्य राहिलेले नाही, म्हणून तिथे गणितावर अवलंबून राहावे लागते. सूर्य क्षितिजाखाली किती अंश असताना पहाट धरायची, यावर वेगवेगळ्या पद्धती आहेत. मुस्लिम वर्ल्ड लीगच्या पद्धतीत फज्रसाठी १८ अंश आणि इशासाठी १७ अंश धरतात. कराचीच्या पद्धतीत दोन्हींसाठी १८, तर इजिप्तच्या पद्धतीत अनुक्रमे १९.५ आणि १७.५ अंश आहेत. मक्केच्या उम्मुल कुरा पद्धतीत फज्र १८.५ अंशांवर येते आणि इशा मगरिबनंतर ९० मिनिटांनी धरतात, तर उत्तर अमेरिकेत दोन्हींसाठी १५ अंशांची पद्धत रूढ झाली. मोबाइलमधल्या ॲपवर विसंबणाऱ्याने सर्वांत आधी त्यात कोणती पद्धत निवडलेली आहे ते तपासावे, कारण पद्धत बदलली की फज्रची वेळ काही मिनिटांनी पुढेमागे होते. आपल्या जमातीने, म्हणजे एकत्र नमाज पढणाऱ्यांच्या समूहाने, जी पद्धत स्वीकारली असेल तीच वर्षभर पाळावी. एकाच मशिदीत एकाने एका ॲपवरून आणि दुसऱ्याने दुसऱ्यावरून अजान दिली, तर लोकांचा वेळेवरचा विश्वास उडतो. ४८.५ अंश अक्षांशाच्या पलीकडे उन्हाळ्यातल्या काही रात्री सूर्य १८ अंश खाली जातच नाही. तिथे फज्र आणि इशासाठी विद्वानांनी अंदाजाचे वेगळे नियम सुचवले आहेत आणि स्थानिक जमातीचा निर्णय विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

घड्याळ अचूक लावलेले असावे, आणि गणिताने आलेल्या मिनिटाच्या अगदी काठावर अजान सुरू न करता एखादे मिनिट जाऊ द्यावे. रमजानात ही सावधगिरी फार महत्त्वाची आहे. मगरिबची अजान दोन मिनिटे लवकर झाली, तर ती ऐकून रोजा सोडणाऱ्या साऱ्यांचा रोजा धोक्यात येतो आणि त्यांतल्या बहुतेकांना ते कधी कळतही नाही.

उभे राहण्यापूर्वी

मुअज्जिन मुसलमान, शुद्धीवर असलेला आणि समज आलेला असावा. पुरुषांच्या जमातीसाठी अजान पुरुष देतो. वुजू, म्हणजे नमाजपूर्वी हात, तोंड, पाय धुऊन केलेली शुद्धी, असणे उत्तम. वुजूशिवाय दिलेली अजान बहुतेकांच्या मते होऊन जाते, परंतु तशी सवय लावून घेऊ नये. उभे राहून, किबल्याकडे म्हणजे काबागृहाच्या दिशेने तोंड करून, शक्य असल्यास उंच जागेवरून अजान द्यावी. बिलाल हे मशिदीजवळच्या सर्वांत उंच घराच्या छतावरून फज्रची अजान देत. इ.स. ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर त्यांनी काबागृहाच्या छतावरून अजान दिली. मिनार नंतरच्या काळात आले.

दोन्ही तर्जन्यांची टोके कानांच्या छिद्रांवर ठेवण्याची पद्धत बिलाल यांच्याकडूनच आली आहे. त्यामुळे आवाज जोमाने काढता येतो, आणि दूर असलेल्या किंवा ऐकू न येणाऱ्या माणसालाही पाहूनच कळते की अजान चालू आहे.

शब्द आणि त्यांचा क्रम

हनफी आणि हंबली पद्धतीत अजानची १५ वाक्ये आहेत. ती या क्रमाने म्हणायची:

अल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर
अल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर
अश्हदु अल्ला इलाहा इल्लल्लाह (दोनदा)
अश्हदु अन्ना मुहम्मदर्रसूलुल्लाह (दोनदा)
हय्या अलस्सलाह (दोनदा)
हय्या अलल्फलाह (दोनदा)
अल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर
ला इलाहा इल्लल्लाह (एकदाच)

अर्थ असा: अल्लाह सर्वांत महान आहे. मी साक्ष देतो की अल्लाहशिवाय कोणीही उपासनेस पात्र नाही. मी साक्ष देतो की मुहम्मद अल्लाहचे प्रेषित आहेत. नमाजकडे या. साफल्याकडे या. अल्लाह सर्वांत महान आहे. अल्लाहशिवाय कोणीही उपासनेस पात्र नाही. अर्थ मनात ठेवून अजान देणाऱ्याचे शब्द घाईत एकमेकांवर आदळत नाहीत. आधी अल्लाहची महत्ता, मग साक्ष, मग लोकांना हाक आणि शेवटी पुन्हा अल्लाहकडेच परतणे, हा प्रवाह त्याच्या आवाजातही उतरतो.

फज्रच्या अजानमध्ये दुसऱ्या ‘हय्या अलल्फलाह’नंतर ‘अस्सलातु खैरुम्मिनन्नौम’ दोनदा म्हणायचे. त्याचा अर्थ, नमाज झोपेपेक्षा उत्तम आहे. इतर वेळच्या अजानमध्ये हे वाक्य येत नाही.

शाफिई पद्धतीत शहादतची म्हणजे साक्षीची चारही वाक्ये आधी हळू आवाजात आणि मग मोठ्याने म्हणतात. याला तर्जी म्हणतात, आणि मक्केचे मुअज्जिन अबू महजूरा यांना प्रेषितांनी तशी अजान शिकवल्याचा याला आधार आहे. त्यामुळे तिथे वाक्ये १९ होतात. मालिकी पद्धतीत तर्जी आहेच, पण सुरुवातीची तकबीर, म्हणजे ‘अल्लाहु अकबर’, चारऐवजी दोनदा असल्याने वाक्ये १७ भरतात. शिया पद्धतीत ‘हय्या अलल्फलाह’नंतर ‘हय्या अला खैरिल अमल’ (सर्वोत्तम कृतीकडे या) दोनदा येते आणि शेवटचे ‘ला इलाहा इल्लल्लाह’ही दोनदा म्हणतात. ‘अश्हदु अन्ना अलीयन वलीयुल्लाह’ (मी साक्ष देतो की अली अल्लाहचे वली आहेत) हे वाक्यही तिथे म्हटले जाते, पण ते अजानचा मूळ भाग नाही असे शिया फकीह सांगतात. ज्या मशिदीत अजान द्यायची तिथल्या जमातीची पद्धत पाळावी. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने स्वतःची पद्धत तिथे लादणे योग्य नाही.

शब्दांचा क्रम बदलू नये आणि मध्ये गप्पा, हसणे किंवा लांब खंड पडू देऊ नये. अजान अरबीतच द्यायची असते. तुर्कस्तानात १९३२ पासून तुर्की भाषेत अजान देण्याची सक्ती करण्यात आली होती. १९५० मध्ये अरबी अजानवरची बंदी उठताच मशिदींमधून पुन्हा मूळ शब्द ऐकू येऊ लागले.

उच्चार

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा तो इथे. देवनागरीत लिहिलेले अजानचे शब्द आठवणीला मदत करतात, पण अरबी उच्चार त्यांतून पूर्ण उतरत नाही. म्हणून चांगले कुरआनपठण करणाऱ्या व्यक्तीसमोर बसून एकेक वाक्य म्हणून दाखवावे. खाली दिलेल्या जागा त्या व्यक्तीकडून मुद्दाम तपासून घ्याव्यात.

‘अल्लाहु’चा पहिला ‘अ’ आखूड आहे. तो ओढून ‘आल्लाहु’ केले तर अरबीत ते वाक्य प्रश्नार्थक होते, म्हणजे ‘अल्लाह महान आहे का?’ असे विचारल्यासारखे. ‘अकबर’मधला ‘ब’ ओढून ‘अकबार’ केले तर शब्दच बदलतो आणि तो एका जातीच्या ढोलांसाठीचा शब्द होतो. सुरावर लक्ष असलेल्या मुअज्जिनकडून या दोन्ही चुका हमखास होतात, कारण तान घ्यायला याच जागा सोयीच्या वाटतात.

‘अश्हदु’मधला ‘ह’ ऐकू यायलाच हवा. घाईत त्याचे ‘अशदु’ होते. लगेच पुढे ‘अल्ला इलाहा’ येते. मूळ अरबीत तिथे ‘अन’ आणि ‘ला’ असे दोन शब्द आहेत, पण ‘न’ पुढच्या ‘ल’मध्ये मिसळून जातो, म्हणून ‘अन’ वेगळे उच्चारू नये. यातला ‘ला’ दीर्घच हवा. तोच नकार आहे आणि तो आखडला की वाक्यातला नकारच नाहीसा होतो. ‘इलाहा’मध्ये ‘ला’ लांब आणि शेवटचा ‘हा’ मात्र आखूड. देवनागरीत तो कानामात्रेसह लिहिला जातो, कारण ‘इलाह’ लिहिले तर मराठी वाचक शेवटचा स्वर गिळतो. तसेच ‘अन्ना’ आणि ‘हय्या’ यांचा शेवटचा स्वरही आखूडच आहे. ‘अन्ना’ ओढले की ‘की आम्ही’ असा भलताच अर्थ निघतो.

‘मुहम्मदर्रसूलुल्लाह’मध्ये मूळ ‘मुहम्मदन’चा ‘न’ पुढच्या ‘र’मध्ये विरघळतो. इथे ‘रसूलु’ असा उकारान्त उच्चार आहे. ‘रसूला’ म्हटले की वाक्य अर्धवट राहते, जणू ‘अल्लाहचे प्रेषित मुहम्मद...’ एवढे म्हणून थांबावे आणि त्यांच्याविषयी काहीच सांगू नये.

‘हय्या’, ‘फलाह’ आणि ‘मुहम्मद’ यांतला ‘ह’ घशाच्या मध्यातून, किंचित घासून येतो. ‘अल्लाह’ आणि ‘अश्हदु’ यांतला ‘ह’ हलका, श्वासासारखा आहे. ‘अला’तला ‘अ’ही घशातून येतो. ‘सलाह’चा ‘स’ भरीव आहे आणि त्यासाठी जिभेचा मागचा भाग वर उचलावा लागतो. ‘सलाह’वर थांबताना शेवटी हलका ‘ह’ येतो, तर ‘फलाह’च्या शेवटी घशातला. दोन्ही वाक्ये लागोपाठ येत असल्याने हा फरक साधण्यासाठी ती एकामागून एक म्हणण्याचा सराव करावा.

आता लांबवायचे कुठे? ‘ला इलाहा’मधला ‘ला’ आणि वाक्यांच्या शेवटी येणाऱ्या ‘इल्लल्लाह’, ‘सलाह’, ‘फलाह’ यांतला दीर्घ स्वर लांबवता येतो, कारण तिथे मुळातच दीर्घ स्वर आहे. तकबीरमधला ‘अल्लाह’चा ‘ला’ किती ओढावा यावर जाणकारांत मतभेद आहेत. तिथे हात आखडता घेणेच बरे. जिथे मुळात आखूड स्वर आहे तिथे एक क्षणही रेंगाळू नये.

आवाज, श्वास आणि वळणे

अजान सावकाश द्यावी. सुरुवातीच्या चार तकबीर दोन-दोन करून दोन श्वासांत, आणि त्यापुढचे प्रत्येक वाक्य एका श्वासात म्हणून थोडे थांबावे. हे थांबणे ऐकणाऱ्यासाठी आहे. त्याला प्रत्येक वाक्याचे उत्तर द्यायचे असते, आणि मुअज्जिन न थांबता पुढे गेला तर ती संधी त्याच्या हातून जाते. प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या अक्षरावर स्वर न लावता थांबावे. श्वास पोटातून भरून घ्यावा आणि खांदे वर उचलू नयेत. सुरुवातीलाच सर्वांत उंच पट्टी लावली की दुसऱ्या शहादतपर्यंत गळा फाटतो, म्हणून पहिली तकबीर मध्यम पट्टीत द्यावी आणि दुसऱ्या फेरीत वर जावे.

‘हय्या अलस्सलाह’ म्हणताना दोन्ही वेळा चेहरा उजवीकडे आणि ‘हय्या अलल्फलाह’ म्हणताना दोन्ही वेळा डावीकडे वळवावा. छाती आणि पावले किबल्याकडेच राहू द्यावीत. मायक्रोफोनसमोर चेहरा वळवला तर आवाज अचानक पडतो, आणि नेमकी नमाजची हाकच लोकांना ऐकू येत नाही. वळण्याचा हेतू आवाज दोन्ही दिशांना पोहोचवण्याचा होता आणि ते काम आता भोंगा करतो, म्हणून मायक्रोफोनवर वळू नये, असे काही विद्वान म्हणतात. इतरांच्या मते ही सुन्नत म्हणजे प्रेषितांच्या काळापासूनची प्रथा असल्याने ती पाळावी. दोन्हींचा मेळ घालायचा तर मान थोडीच वळवावी आणि मायक्रोफोन हनुवटीच्या खाली, वीतभर अंतरावर ठेवावा. त्याने श्वासाचा फटकाराही कमी येतो.

भोंग्याचा आवाज ऐकू यावा इतपतच असावा, कानठळ्या बसतील इतका नसावा. आसपास आजारी माणसे, तान्ही मुले आणि इतर श्रद्धा असलेले शेजारी असतात. शेजाऱ्याला त्रास न देणे हीदेखील इस्लामची स्पष्ट शिकवण आहे. जिथे राहतो तिथले ध्वनीविषयक नियम पाळूनच अजान द्यावी. ध्वनिमुद्रित अजान लावून देणे बहुसंख्य विद्वानांच्या मते पुरेसे नाही, कारण अजान ही इबादत म्हणजे उपासना आहे आणि ती जिवंत माणसाने, नियतसह म्हणजे मनातल्या संकल्पासह द्यायची असते.

सुराचे म्हणाल तर गोड आवाज हवा, पण गाणे होता कामा नये. तुर्की परंपरेत फज्रसाठी सबा आणि मगरिबसाठी सेगाह अशा मकामांची म्हणजे ठरावीक सुरावटींची प्रथा आहे. ती जपणारे मुअज्जिनही स्वरांच्या लांबी-आखूडपणाला धक्का लावत नाहीत.

ऐकणाऱ्याने काय करावे

मुअज्जिनने एक वाक्य पूर्ण केले की ऐकणाऱ्याने तेच वाक्य हळू आवाजात म्हणावे. ‘हय्या अलस्सलाह’ आणि ‘हय्या अलल्फलाह’ या दोन्हींच्या उत्तरात मात्र ‘ला हौला वला कुव्वता इल्ला बिल्लाह’ म्हणावे. म्हणजे, अल्लाहशिवाय कोणाकडेही काही घडवण्याची शक्ती नाही. फज्रच्या विशेष वाक्याला हनफी आणि शाफिई पद्धतीत ‘सदक्ता व बररता’, म्हणजे ‘तू खरे बोललास आणि भले केलेस’, असे उत्तर देतात. कुरआनपठण चालू असेल तर ते थांबवून आधी अजानचे उत्तर द्यावे. नमाजमध्ये असताना किंवा शौचालयात असताना उत्तर देऊ नये.

अजान संपल्यावर मुअज्जिन आणि श्रोते, दोघांनीही आधी दुरूद (प्रेषितांसाठी कृपा मागणारे शब्द) म्हणावे आणि मग ही दुआ म्हणजे प्रार्थना करावी: ‘अल्लाहुम्मा रब्बा हाजिहिद्दअवतित्ताम्मह, वस्सलातिल काइमह, आति मुहम्मदनिल वसीलता वल फजीलह, वब्असहु मकामम्महमूदनिल्लजी वअत्तह’. तिचा आशय असा, की या परिपूर्ण आवाहनाच्या आणि उभ्या राहणाऱ्या नमाजच्या पालनकर्त्या, मुहम्मद यांना वसीला (स्वर्गातले उच्च स्थान) आणि श्रेष्ठत्व दे आणि तू वचन दिलेल्या प्रशंसनीय स्थानी त्यांना उभे कर. त्यानंतर स्वतःच्या भाषेत जे मागायचे ते मागावे, कारण अजान आणि इकामत (जमात उभी राहतानाची हाक) यांच्या दरम्यान केलेली दुआ नाकारली जात नाही, अशी हदीस आहे. ही दुआ मुअज्जिनने मायक्रोफोन बंद करून, मनातल्या मनात करावी. नाहीतर ती अजानचाच भाग असल्याचा ऐकणाऱ्यांचा गैरसमज होतो.

इकामत

जमात उभी राहताना दिली जाते ती इकामत. तिच्यात ‘हय्या अलल्फलाह’नंतर ‘कद कामतिस्सलाह’, म्हणजे ‘नमाज उभी राहिली’, हे वाक्य येते. हनफी पद्धतीत बाकीची वाक्ये अजानइतक्याच वेळा म्हणतात, म्हणून एकूण १७ होतात. शाफिई आणि हंबली पद्धतीत बहुतेक वाक्ये एकेकदाच म्हणतात आणि ती ११ भरतात, तर मालिकी पद्धतीत १० असतात. इकामत अजानपेक्षा जलद आणि कमी आवाजात द्यावी. जाणीवपूर्वक अंतर ठेवून, लोकांना वुजू करून पोहोचता येईल इतक्या वेळाने ती द्यावी, मगरिबला मात्र थोड्याच वेळात. इमाम येण्याआधी इकामत सुरू करू नये. अजान देणाऱ्यानेच इकामत देणे पसंत केले जाते, पण दुसऱ्याने दिली तरी चालते.

वेगवेगळे प्रसंग

जुम्याला म्हणजे शुक्रवारच्या दुपारच्या नमाजला दोन अजान होतात. इमाम मिंबरवर (प्रवचनाच्या आसनावर) बसल्यावरची अजान प्रेषितांच्या काळापासूनची आहे. तिच्या आधीची अजान तिसरे खलिफा उस्मान यांनी मदिनेची वस्ती वाढल्यावर सुरू केली, आणि ती बाजारातल्या अज्-जौरा या ठिकाणाहून दिली जाई.

ईदची नमाज, जनाजाची म्हणजे अंत्यविधीची नमाज आणि नफल म्हणजे ऐच्छिक नमाज यांना अजान नाही आणि इकामतही नाही. ग्रहणाच्या नमाजसाठी ‘अस्सलातु जामिअह’ (एकत्र नमाज होत आहे) एवढेच पुकारतात. नमाज कझा झाल्या म्हणजे वेळेवर पढायच्या राहून गेल्या असतील आणि त्या एकत्र अदा करायच्या असतील, तर पहिलीसाठी अजान आणि प्रत्येकीसाठी इकामत द्यावी. प्रवासात एकटा असलेल्या माणसानेही अजान द्यावी. मोकळ्या रानात दिलेल्या अजानचा आवाज जिथवर पोहोचेल तिथवरची प्रत्येक वस्तू कयामतच्या दिवशी साक्ष देईल, असे प्रेषितांचे सोबती अबू सईद खुदरी यांनी सांगितले आहे. मुसळधार पावसात किंवा कडाक्याच्या थंडीत ‘आपापल्या मुक्कामी नमाज पढा’ असे पुकारण्याची मुभा प्रेषितांच्या काळापासून आहे. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे मशिदी बंद झाल्या, तेव्हा कुवेतच्या मुअज्जिनांनी याच आधारावर ‘घरीच नमाज पढा’ असे पुकारले.

नवजात बाळाच्या उजव्या कानात अजान आणि डाव्या कानात इकामत म्हणण्याची रीत व्यापक आहे. तिला आधार असलेल्या हदीसची सनद (ती सांगणाऱ्यांची साखळी) कमकुवत असल्याचे अनेक हदीसतज्ज्ञ सांगतात, तरी अनेक फकीहांनी ती पसंत केली आहे. इथे आवाज अगदी हळू ठेवावा.

चूक झाली तर

एखादे वाक्य राहून गेल्याचे अजान चालू असतानाच लक्षात आले, तर राहिलेल्या वाक्यापासून पुढचा भाग पुन्हा म्हणावा. शेवटची वाक्ये म्हणून झाली असतील आणि मध्ये बराच वेळ गेला असेल, तर पूर्ण अजान पुन्हा द्यावी. फज्रला ‘अस्सलातु खैरुम्मिनन्नौम’ विसरले तर अजान होऊन जाते, कारण ते वाक्य सुन्नत आहे, सक्तीचे नाही. वीज गेली किंवा मायक्रोफोन मध्येच बंद पडला तरी न थांबता तशीच उघड्या आवाजात अजान पूर्ण करावी. खोकला किंवा ठसका लागला आणि थोडाच खंड पडला, तर जिथे थांबलो तिथून पुढे जावे. मुअज्जिन मध्येच बेशुद्ध पडला किंवा त्याचा आवाज पूर्ण बसला, तर दुसऱ्याने सुरुवातीपासून अजान द्यावी. आणि वेळेपूर्वी अजान दिली गेल्याचे कळले, तर लाजेखातर गप्प न बसता ती लवकर झाल्याचे लगेच जाहीर करावे, रोजाचे दिवस असतील तर त्याचा स्पष्ट उल्लेख करावा, आणि वेळ झाल्यावर अजान पुन्हा द्यावी.